शरदरावांच्या उलट

इंदूरच्या लोकमान्यनगरातल्या रविवारच्या टोळीचा एक नियम होता, आणि तो शरदराव मुजुमदार सोडून सगळ्यांना मान्य होता. शरदराव म्हणाले पाऊस येणार, की छत्र्या घरी ठेवायच्या. शरदराव म्हणाले कोरडं राहणार, की छत्र्या घ्यायच्या आणि जमलं तर गमबूटही घालायचे. या नियमावर टोळीनं कित्येक पावसाळे काढले आणि कुणाला साधी सर्दीसुद्धा झाली नाही, असं बाबूराव छातीला हात लावून सांगत.

टोळी म्हणजे चौघं. बाबूराव लघाटे, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, पोटानं आणि आवाजानं मोठे. देवेंद्र सर, ज्यांनी जन्मभर पोरांना गणित शिकवलं आणि आता स्वतःची बेरीजसुद्धा मोबाइलला विचारतात. सुलोचनाताई, शाळेत पी.टी. शिकवणाऱ्या, अजूनही त्यांनी ‘चला’ म्हटलं की माणसं आपोआप रांगेत उभी राहतात. आणि चौथे आपले शरदराव, ज्यांची सगळी नोकरी हवामान खात्यात गेली. वारा मोजायचा, पाऊस मोजायचा, ढगांची नोंद करायची. आभाळाकडे बघण्याचा पगार घेतलेला माणूस अख्ख्या लोकमान्यनगरात दुसरा नव्हता, आणि आभाळाच्या बाबतीत नेमकं त्याचंच कुणी ऐकत नव्हतं.

याला कारण बाबूरावांच्या लेकीचं, पूर्णिमाचं लग्न. फेब्रुवारीतलं लग्न, मोकळं गार्डन. बाबूरावांनी विचारलं होतं, “शरद, वरून मंडप टाकून घेऊ का?” आणि शरदराव ऐटीत म्हणाले होते, “काय को? थेंब पडणार नाही.” सप्तपदीच्या चौथ्या पावलाला असा पाऊस कोसळला की होम विझू नये म्हणून गुरुजींनी त्यावर परात धरली, आणि रसमलाईचं पातेलं पावसाच्या पाण्यानं काठोकाठ भरलं. त्याआधी आणि त्यानंतर शरदरावांचे किती अंदाज बरोबर निघाले ते कुणाच्या लक्षात नाही. ती रसमलाई तेवढी सगळ्यांच्या लक्षात आहे.

तेव्हापासून दर शनिवारी संध्याकाळी बाबूरावांचा फोन येई. “शरद, उद्या?” शरदराव बिचारे गच्चीवर जाऊन, चारी दिशा बघून, वारा गालावर घेऊन प्रामाणिकपणे सांगत. पलीकडून बाबूराव म्हणत, “हओ, म्हणजे उलटं,” आणि गडगडाटी हसत. वर्षानुवर्षं शरदरावही हसले. पण माणसाचं हसू कधीतरी आटतं. रंगपंचमीच्या आधीच्या रविवारी पोह्यांच्या दुकानात खुद्द दुकानदारानंच विचारलं, “साहब, आज बारिश है क्या? आप बोल दो, मैं उल्टा कर लूँगा.” सगळं दुकान हसलं. शरदराव उठले आणि अर्धी जलेबी बशीत टाकून चालू लागले. इंदूरचा माणूस अर्धी जलेबी टाकून उठतो तेव्हा प्रकरण साधं नसतं.

घरी येऊन ते रमाताईंना म्हणाले, “मी दर वेळी बरोबरच असतो असं नाही म्हणत ग मी. पण एकदा, आयुष्यात एकदा तरी, शरद म्हणाला म्हणून या लोकांनी ऐकावं. बस, बाकी काही नको.” रमाताई यावर काहीच बोलल्या नाहीत. बायको काहीच बोलली नाही, ही गोष्ट खरं तर शरदरावांच्या नजरेत यायला हवी होती.

पुढच्या शनिवारी बाबूरावांचा फोन आला नाही. ‘आता विचारणंही सोडलं,’ शरदराव मनात म्हणाले, आणि रात्रीची भाकरी त्यांना गोड लागली नाही.

रविवारचा बेत मात्र आधीपासून पक्का होता. नाहरटेकरी चढायची. महू ओलांडून विंध्याच्या कडेला गेलं की माळव्याचं पठार एकदम संपतं आणि खाली निमाड पसरतो. त्या कडेवर ही टेकरी उभी आहे. नाहर म्हणजे वाघ. टेकरी म्हणजे काय ते माहीतच आहे, पण हे नाव ठेवणारा माणूस स्वतः कधी वर गेलेला नसावा. आधी काटेरी झुडपांतून निसरडी चढण, मग गोटे, मग एक सपाट खांदा आणि तिथून पुढे शिखरापर्यंत उघडीबोडकी धार, जिच्यावर आडोसा म्हणून गवताची काडी नाही. टोळीनं दर वर्षी हा बेत केला होता, आणि दर वर्षी कुणाचा गुडघा नाहीतर कुणाचा पाहुणा आडवा आला होता.

सकाळी गाडी दारात आली. बाबूरावांच्या कानामागं रंगपंचमीचा गुलाबी रंग अजून होता. “शरद, तू पुढे बस,” ते म्हणाले. शरदराव बघतच राहिले. पुढची सीट गेली कित्येक वर्षं बाबूरावांच्या पोटासाठी राखीव होती. वाटेत पोहे खाल्ले, तर सरांनी न मागता आपल्या बशीतली सेव शरदरावांच्या बशीत घातली. सुलोचनाताईंनी तर “बरं वाटून राहिलं ना शरदभिया?” असं तीनदा विचारलं. ‘मागच्या रविवारची लाज वाटत असेल,’ शरदरावांनी मनाशी ठरवलं आणि मान जरा ताठ केली.

चढायला लागले तेव्हा आभाळ निळंभोर होतं. पश्चिमेचा वारा खेळत होता. निम्म्या वाटेवर, खांद्याच्या जरासं खाली, कड्याच्या पोटात ज्या गुहेवरून टेकरीला नाव पडलं ती गुहा लागली. बाबूरावांनी आत डोकं घातलं, वटवाघळांचा वास आला आणि त्यांनी डोकं बाहेर काढलं. “नाहर नाहीये, पण त्याचे भाडेकरू आहेत,” ते म्हणाले. हसत, धापा टाकत, एकमेकांना ढकलत चौघं खांद्यावर पोचली. तिथं एकच झाड होतं, जुना मोह. खाली फुलांचा सडा पडला होता आणि सगळीकडे तो गोडसर, डोकं जड करणारा वास. सुलोचनाताईंनी पाण्याची बाटली फिरवली. देवेंद्र सर मोबाइल वर धरून म्हणाले, “दिवसभर धूप दाखवून राहिला.”

शरदराव मात्र दक्षिणेकडे बघत होते. निमाडावर एक पांढरा ढग वर चढत होता. फुलकोबीसारखा, गड्ड्यावर गड्डा. बघता बघता त्याचा माथा चपटा व्हायला लागला. सकाळपासून खेळणारा वारा एकाएकी थांबला. पाकोळ्या खाली उतरल्या. आणि मग मानेवर एक गार झुळूक येऊन गेली, माठाचं झाकण काढल्यासारखी.

गारांचा ढग. या एका ढगाची ओळख ठेवण्यात त्यांची नोकरी गेली होती. इथं चूक व्हायला जागाच नव्हती. शिखरावरच्या त्या उघड्या धारेवर त्यानं गाठलं तर डोक्यावर गारा आणि आजूबाजूला विजा. ‘खाली चला’ म्हणायला शरदरावांनी तोंड उघडलं, आणि नियम आठवला. आपण खाली म्हटलं, की हे तिघं टाळ्या वाजवत वर जाणार. समजावत बसलो तर बाबूराव रसमलाई काढणार. वाद घालायला तर वेळच नव्हता.

तेव्हा त्यांना एक युक्ती सुचली, आणि ती त्यांना इतकी आवडली की इतकी वर्षं ती सुचली कशी नाही याचंच नवल वाटलं. ते उभे राहिले, हात पसरले आणि म्हणाले, “वा! काय आभाळ आहे! चला वर. संध्याकाळपर्यंत ढग इकडे फिरकत नाही!”

आणि बाबूराव खालच्या वाटेकडे कधी वळतात याची वाट बघत राहिले.

सुलोचनाताई ताडकन उठल्या. “ऐकलं ना सगळ्यांनी? शरदभिया सांगून राहिले, वर. चला!”

“शरद बोलला म्हणजे बोलला,” बाबूराव गुडघ्यावर हात टेकून उठले.

शरदरावांना वाटलं, मात्रा कमी पडली. त्यांनी ती वाढवली. “अरे, मग रेनकोटचं ओझं तरी कशाला नेता? टांगा की इथंच झाडाला!”

बाबूरावांनी खांद्यावरची रेनकोटची पिशवी काढली आणि शहाण्या पोरासारखी मोहाच्या फांदीला टांगली. खाण्याची पिशवी तेवढी जवळ ठेवली, कारण तिच्याबद्दल शरदराव काही बोलले नव्हते. तिघं धारेला लागली. शरदराव धडपडत मागून निघाले.

“सर,” त्यांनी शेवटचा उपाय केला, “तुमचा मोबाइल बघा ना परत. काय म्हणतो?”

“बंद केला,” सर वळून हसले. “आपले शरदजी सोबत असताना मोबाइल कशाला?”

हे वाक्य ऐकायला शरदरावांचे कान वर्षानुवर्षं आसुसलेले होते. आणि ते आलं तेही कधी? देवालाही थट्टा सुचते ती अशी. मागं निमाडाच्या बाजूला कुणी रिकामं पिंप गडगडत न्यावं तसा आवाज झाला. निम्मं ऊन गेलं. शरदरावांचा धीर सुटला. ते जागच्या जागी उभे राहून ओरडले, “थांबा! मागं फिरा! मी खोटं बोललो!”

तिघं थांबली.

“म्हणजे?” बाबूराव म्हणाले.

“म्हणजे गारा येऊन राहिल्या. विजा. तो बघ ढग!”

“मग वर चला काय को म्हणालास?”

“तुम्ही खाली जावं म्हणून! तुम्ही माझ्या उलट करता ना नेहमी!”

मग सुलोचनाताईंनी कपाळावर हात मारला. “अहो भिया! आम्ही शपथ घेतली होती हो! रमाचा फोन आला होता. या रविवारी शरदभिया म्हणतील ते करायचं, विहिरीत उडी मारा म्हणाले तरी मारायची. बाबूराव हसतील म्हणून कालचा फोनही नको म्हटलं. जलेबीवर हात ठेवून घेतली शपथ, तिघांनी!”

“आजच?” शरदराव किंचाळले.

“आजच!”

“आणि म्हणून माझी सेव तुमच्या बशीत...” सर पुटपुटले. “मला वाटलं, शपथेत तेही येतं.”

बाबूरावांना आधी खोकला आल्यासारखं झालं, मग हसू फुटलं, मग ते एका गोट्यावर बसूनच हसायला लागले. त्यांचं पोट हलत होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं. तेवढ्यात त्यांच्या टकलावर टक्कन काहीतरी आपटलं आणि उडून पायाशी पडलं. बोराएवढी गार. हसणं बंद झालं.

“शरद, ठरव लौकर,” बाबूराव टाळू चोळत म्हणाले. “आता तू खाली म्हणून राहिला. म्हणजे खालीच ना? का वर?”

“खाली! खालीच रे! आईशप्पथ, आता खरं बोलून राहिलो!”

धावली असं नाही म्हणता येणार. या वयात उताराला माणसं घरंगळतातच. पण घरंगळली तीही झपाट्यानं. खांद्यावर पोचली तोवर आभाळ काळं झालं होतं आणि गारा तडातडा उडत होत्या. बाबूराव मोहाकडे वळले. रेनकोट तिथं होते, वर दाट फांद्या होत्या. कुणीही तिकडेच वळलं असतं.

“झाडाकडे नाही!” शरदराव गरजले. त्यांच्या घरातल्या कुणी त्यांचा हा आवाज कधी ऐकला नसेल. “एकटं झाड आहे. गुहेत चला. आणि चिकटून नका चालू, अंतर ठेवा!”

बाबूरावांचं एक पाऊल झाडाकडे पडलेलं होतं. ते त्यांनी उचललं आणि गुहेकडे टाकलं. का म्हणून विचारलं नाही, रसमलाई काढली नाही, शपथेचीही आठवण केली नाही. नुसते वळले. मागून सर आणि सुलोचनाताई, हात डोक्यावर धरून, अंतर ठेवून. पाठीवर गारा बसत होत्या, पाय सटकत होते, आणि त्या धांदलीतही शरदरावांना ते एक वळणं स्पष्ट दिसलं.

गुहेत वाकून शिरावं लागे, पण आत ती खोल होती. चौघं पार आत जाऊन बसली. बाहेर नुसता कल्लोळ. पत्र्यावर कुणी गोटे ओतावेत असा. एक वीज अशी पडली की गुहेच्या भिंती पांढऱ्या झाल्या आणि वटवाघळांनी एकच गिल्ला केला. लगेच वरून कडाडकन आवाज झाला, आणि मोहाची एक दांडगी फांदी गुहेच्या तोंडासमोरून खाली दरीत गेली. तिच्यामागं निळी रेनकोटची पिशवी गेली.

बाबूराव आपल्या त्या पायाकडे बघत होते.

मग त्यांनी खाण्याची पिशवी उघडली. लसणाच्या सेवेचा वास गुहेत पसरला. “घे शरद,” ते म्हणाले. एवढा मोठा आवाज, पण तो अगदी लहान झाला होता. “पहिली मूठ तुझी.”

शरदरावांनी मूठ भरली. “मी तुम्हाला फसवलं रे,” ते म्हणाले.

“अन् आम्ही तुम्हाला फसवून राहिलो होतो,” सुलोचनाताई म्हणाल्या आणि कनवटीची जीरावनची, पोह्यांवरच्या त्या मसाल्याची, पुडी काढली. “आता गप खा.” त्यांनी सेवेवर जीरावन भुरभुरवलं, लिंबू पिळलं. ओल्या कपड्यांत कुडकुडत, वटवाघळांच्या वासात, त्या चौघांनी खाल्ली तशी सेव इंदुरात कधी कुणी खाल्ली नसेल. सरांनी ‘मी खोटं बोललो’ची नक्कल केली. बाबूरावांनी स्वतःच्या टकलावरच्या गारेची केली. हसता हसता सुलोचनाताईंना ठसका लागला. बाहेर वीज कडाडली की चौघं दचकत आणि पुन्हा हसत.

“शरद, थांबणार केव्हा हे?” बाबूरावांनी विचारलं. खरंखुरं विचारलं.

शरदरावांनी गुहेच्या तोंडातून वाकून दक्षिणेकडे ढगाची कड बघितली. “ही सेव संपेपर्यंत.”

सेव संपली. गारा चालूच होत्या. सगळे शरदरावांकडे बघायला लागले. बाबूरावांनी गुपचूप पिशवीच्या तळातून दुसरी पुडी काढली. “हीसुद्धा धरून सांगितलं होतं मी,” शरदराव म्हणाले, आणि दुसरी पुडी निम्मी झाली तेव्हा खरोखरच थांबलं.

बाहेर येऊन बघतात तो नाहरटेकरी पांढरीशुभ्र. खांद्यावर, धारेवर, झुडपांत, जिथं बघावं तिथं गारांचा थर, आणि त्यावर ऊन. बाबूराव गाडीबरोबर निम्मा देश फिरले होते, पण बर्फ त्यांनी कधी पाहिला नव्हता. ते लहान पोरासारखे त्यात गुडघे टेकून बसले. मग दोन्ही हातांनी गोळा वळला आणि सरांच्या पाठीत घातला. “शिस्त!” सुलोचनाताई ओरडल्या, आणि त्यांच्याच खांद्यावर दुसरा गोळा फुटला. त्यांनी शांतपणे पदर खोचला. पी.टी.च्या बाईंचा नेम काय असतो ते मग तिन्ही पुरुषांना कळलं. इंदूरची रंगपंचमी होऊन गेली होती. यांची आत्ता चालू होती. शरदरावांना इतका आनंद झाला होता की गार कानात गेली तरी ते हसतच होते.

दमून थांबल्यावर बाबूराव शिखराकडे बघून म्हणाले, “आता काय, शरद?”

शरदरावांनी घाई केली नाही. चारी दिशा बघितल्या, वारा गालावर घेतला. “वर चला. आता संध्याकाळपर्यंत काही नाही.”

बाबूरावांनी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. “हा कुठला शरद बोलून राहिला?”

“खरा.”

“मग चला.”

शिखरावर धुतलेल्या हवेत थेट निमाडापर्यंत दिसत होतं. लांब एक चकचकीत रेघ होती. ती नर्मदाच, असं सर म्हणाले. असेलही. चौघं एका ओल्या खडकावर दाटीवाटीनं बसली, आणि संध्याकाळपर्यंत आभाळ शरदरावांनी सांगितलं तसंच राहिलं.

पुढच्या शनिवारी फोन वाजला. “शरद, उद्या?”

शरदराव गच्चीवर गेले, नेहमीसारखं सगळं बघितलं. “सकाळीच पाऊस आहे. छत्र्या घ्या.”

पलीकडून हसणं आलं नाही. “बरं,” एवढंच आलं.

रविवारी सकाळी शरदरावांनी खिडकी उघडली आणि त्यांना घाम फुटला. आभाळ काचेसारखं. ऊन आत्तापासूनच चावत होतं. न जावं असं त्यांच्या फार मनात आलं, पण रमाताईंनी चपला पुढ्यात आणून ठेवल्या. मान खाली घालून ते पोह्यांच्या दुकानाशी पोचले, आणि समोरच्या गल्लीतून तिघं येताना दिसली. तीन छत्र्या, तिन्ही उघडलेल्या. बाबूरावांच्या पायांत गमबूट. दुकानातली माणसं खायची थांबली.

“क्या भिया,” दुकानदार झारा हातात धरून म्हणाला, “इतनी धूप में छाता?”

“शरद बोला है, पाऊस आहे,” बाबूराव अख्ख्या चौकाला ऐकू जाईल असं म्हणाले, आणि छत्री न मिटता बाकावर बसले. त्यांच्या शेजारी सर बसले, सरांच्या शेजारी सुलोचनाताई. दुकान हसलं. तिघांपैकी एकानंही आभाळाकडे बघितलं नाही.

सगळी सकाळ एक थेंब पडला नाही. शरदरावांच्या डोळ्यांत तेवढं पाणी आलं. ते बाबूरावांच्या छत्रीखाली सरकून बसले, आणि त्या दिवशी त्यांनी जलेबी पूर्ण खाल्ली.